तिच्याशी एकटीशी बोलायचं राहिलं. आता जबाबदार कोण?

माळावरची (मंगळवार, रात्री १०.४०)

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. गेल्या महिन्यात नोटीस आली, मग म्हटलं लिहूनच टाकावं.

मी सीमाभागात जिल्हा बाल संरक्षण युनिटमध्ये आउटरीच वर्कर (घरोघर जाऊन मुलांची चौकशी करणारी) होते. जिल्हा आणि तालुका लिहिणार नाही, कृपया विचारूही नका.

दीड वर्षापूर्वी १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन आला. नववीतली मुलगी, वय १५, चार दिवसांवर लग्न. सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी) मॅडम, पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), एक पोलीस आणि मी जीपने गेलो. मांडवाचे बांबू रोवून झाले होते. बरीच बाचाबाची झाली, शेवटी बापाने मुच्चळिके लिहून दिलं, म्हणजे अठरा पूर्ण होईतो लग्न लावणार नाही असं हमीपत्र. मांडव उतरला. पेपरात दोन ओळी आल्या, ऑफिसात आमचं कौतुक झालं.

मुलीला बालकल्याण समितीपुढं नेलं. तिथलं कामकाज कानडीत. मुलगी मराठी शाळेतली, कानडी जेमतेम. तिच्या वतीने बोलत होता तिचा चुलता. त्याचं कानडी फर्डं. ते स्थळ त्यानेच आणलेलं, हे मला फार उशिरा कळलं. मी त्या वेळी बाहेर बाकावर फायली लावत बसले होते. समितीने मुलीला आईबापाच्या ताब्यात दिलं आणि माझ्याकडून सामाजिक तपासणी अहवाल मागवला. नमुना २२. मुदत पंधरा दिवस.

बाराव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. विड्या वळणारं घर. मुलगी मांडीवर सूप घेऊन बसलेली, शेजारी आई, उंबऱ्यात आजी. मी विचारायचे मुलीला, उत्तर द्यायची आजी. "शाळेला जातीस का गं?" "जाती की." "कोण त्रास देतंय का?" "कोण देणार ओ, आपलंच घर हाय." मुलीची बोटं चाललेली. कापलेलं पान, चिमूटभर तंबाखू, वळवायचं, नखाने टोक दाबायचं, दोऱ्याचे दोन वेढे. एकदाही थांबली नाहीत. मी वीस मिनिटं बसले, चहा घेतला. निघताना ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, "मॅडम, परत कधी येणार?" मी म्हटलं, "येईन की पुढच्या आठवड्यात."

गेले नाही. माझ्या यादीत तेव्हा साठावर मुलं होती. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या तक्त्यात आउटरीच वर्करला महिना १०,५९२ रुपये, त्यातच पेट्रोल. हे कारण म्हणून सांगत नाही, हिशोब म्हणून सांगते.

अहवालात मी लिहिलं की मुलगी घरी समाधानी आहे आणि शाळेत नियमित जाते. शाळेत मी पाऊलही टाकलं नव्हतं. 'समाधानी' हा शब्द मी आदल्या एका अहवालातून उचलला होता.

एकोणीस दिवसांनी पहाटे, पलीकडे महाराष्ट्रात एका देवळात तिच्यावर अक्षता पडल्या. यंदा ती बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात आली, वय बघून डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं, आणि सगळं बाहेर आलं. नवरा आत आहे. पाठपुरावा का केला नाही याचा खुलासा मागणारी नोटीस आली ती मला एकटीला. माझा करार मार्चमध्येच संपलाय, तरीही.

माझी चूक आहे. पण माझी नेमकी कुठली, आणि बाकीच्यांची कुठली, हे मला या नोटिशीतून कळत नाही. म्हणून हा धागा.

टिळकवाडीकर (मंगळवार, रात्री ११.०५)

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. न बघितलेलं लिहिलं, याला आमच्या बँकेत खोटी एंट्री म्हणतात. आमच्याकडे कॅशियरने असं केलं तर पगार किती, काउंटरला रांग किती, हे कुणी ऐकून घेत नाही. तुमच्या एंट्रीत तर एक मुलगी होती.

खडेबाजार (मंगळवार, रात्री ११.३०)

ताई, चुकलंच तुमचं. खरं ते मांडवाचे बांबू परत नेणारा मंडपवाला, पहाटे जीप घेऊन गेलेला डायवर, अक्षता टाकायला गेलेली चाळीस माणसं, हेंच्यातल्या एकाला तरी नोटीस आली का? आमच्या गल्लीत तीन वर्षामागं असंच झालं. मेंबर सोता पंक्तीत वाढत हुता. नंतर त्योच म्हणतोय कसा, "डिपार्टमेंट झोपलं हुतं." डिपार्टमेंट झोपलं हुतं, खरं तू तर जागा हुतास की गा!

रानमेवा (मंगळवार, रात्री ११.४१)

अवांतर : घाटावरच्या वाचकांसाठी. बेळगावच्या बोलीत 'खरं' म्हणजे 'पण'. वरचं सगळं पुन्हा एकदा वाचा.

व्यवस्थापक (बुधवार, सकाळी ८.१५)

एका प्रतिसादात मुलीच्या गावाबद्दल अंदाज केला होता, तो उडवला आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आडून विचारणंही नको.

काळाकोट_निपाणी (बुधवार, सकाळी ९.५०)

माळावरची ताई, तुम्ही विचारलंय तसंच वेगवेगळं करून बघू.

बाल न्याय कायदा २०१५ चा. कलम ३६ प्रमाणे सामाजिक तपासणी पंधरा दिवसांत व्हावी आणि मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यावा, अशी रचना आहे. मुदत बघा. चौकशीला चार महिने हातात असताना समितीला घाई नव्हती. मुलगी घरी पाठवायचा निर्णय समितीचा, आणि समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. तुमचा अहवाल त्या निर्णयाच्या नंतरचा. त्यामुळे 'मुलगी घरी का पाठवली' याचं उत्तर तुमच्याकडून मागता येत नाही.

चुलता दुभाषी, हा मला सगळ्यात गंभीर मुद्दा वाटतो. मुलीला भाषा कळत नसेल तर तिला दुभाषी देणं ही यंत्रणेची जबाबदारी. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ मध्ये तर हे स्पष्ट लिहिलंय, आणि दुभाष्यांची यादी जिल्हा बाल संरक्षण युनिटने ठेवायची असते. आपल्या भागात मराठी-कानडी दुभाषी मिळत नाही असं कुणी म्हणालं तर चहाच्या टपरीवरचा पोरगाही हसेल.

आता तुमची बाजू, आणि ही कडू आहे. कलम १०० सद्भावनेने केलेल्या कामाला संरक्षण देतं. घरी गेलात, बघितलंत, अंदाज चुकला, तर ते सद्भावनेत बसतं. शाळेत न जाता 'नियमित जाते' लिहिलंत, ते बसत नाही. खुलाशात हे लपवू नका. हजेरीपट निघाला की दोन मिनिटांत उघडं पडेल.

सीमेचा मुद्दा वेगळाच. कर्नाटकाने २००६ च्या बालविवाह कायद्यात दुरुस्ती करून असं लग्न मुळातच शून्य ठरवलंय. महाराष्ट्रात मूळ केंद्रीय कायदा. तिथं ते लग्न रद्द करून घ्यायला मुलीने स्वतः अर्ज करायचा, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. देऊळ पलीकडचं का निवडलं असेल? कायदा वाचून नसेल निवडलं. अलीकडचा पोलीस तिकडं येत नाही, एवढं गावात सगळ्यांना माहीत असतं.

कागलचा_ग्रामसेवक (बुधवार, दुपारी १.२०)

पलीकडून लिहितोय. आमच्याकडे गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, म्हणजे मीच. तुमच्या पथकाने लग्न थांबवलं की आम्हाला कुणी कळवतं का? माझ्या नोकरीत एकदाही फोन आलेला नाही. तुमचं तालुक्याचं ठिकाण माझ्या गावापासून वीस-बावीस किलोमीटर, ऊस, तंबाखू, दूध, सोयरीक सगळं रोज ये-जा करतं. कागद मात्र बेंगळुरूला जाऊन मुंबईला उतरतो आणि मग आमच्याकडे येतो, तोवर बारसं झालेलं असतं. मुच्चळिकेची एक प्रत आजूबाजूच्या ग्रामपंचायतींना व्हॉट्सअॅपवर टाकली असती तरी देवळाच्या पुजाऱ्याला मी आदल्या रात्री गाठला असता.

लेस्टरवासी (बुधवार, संध्याकाळी ६.०५)

मूळचा शहापूरचा, आता इंग्लंडात. बायको इथं कौन्सिलमध्ये सोशल वर्कर आहे, म्हणून थोडं लिहितो.

चुलता दुभाषी हे वाचून अंगावर काटा आला, कारण इथली सगळ्यात गाजलेली केस याच जातीची आहे. व्हिक्टोरिया क्लिम्बिए, आठ वर्षांची, आयव्हरी कोस्टची, बोली फ्रेंच. नात्यातल्या एका आजीच्या ताब्यात लंडनला आली आणि २५ फेब्रुवारी २००० ला मेली. अंगावर १२८ जखमा. पोलीस, दवाखाने, कौन्सिल, सगळ्यांच्या दारातून ती गेली होती. तिच्या वतीने बोलायची ती तिचे हाल करणारी ही आजीच. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशी अहवालात १०८ शिफारशी होत्या. त्यातली एक अशी की मुलाशी बोलणं गरजेचं असेल आणि त्याची पहिली भाषा इंग्रजी नसेल तर दुभाषी दिलाच पाहिजे. एवढी साधी गोष्ट लिहायला एक पोर जावं लागलं.

त्या केसमधल्या तरुण सोशल वर्करला मुलांबरोबर काम करायला बंदी झाली, ती पुढे २००५ मध्ये न्यायाधिकरणाने उठवली. लेमिंगनी स्वतः लिहिलं होतं की सगळ्यात मोठा दोष वरच्यांचा.

मग २००७ मध्ये बेबी पी. सतरा महिन्यांचं पोर, त्याच लंडनच्या हॅरिंगी भागात, घरातच हाल होऊन मेलं. मंत्र्याने टीव्हीवर बाल सेवा विभागाच्या संचालक बाईंना काढल्याचं जाहीर केलं. २०११ मध्ये अपील कोर्ट म्हणालं, बाईंची बाजू न ऐकता काढलंत, हे बेकायदेशीर. मधल्या काळात काय झालं? मुलं घरातून काढून घेण्याचे कोर्टातले अर्ज भराभर वाढले. सोशल वर्कर घाबरले. मुलाच्या भल्यासाठी अर्ज केला की स्वतःच्या बचावासाठी, हे फाईल बघून कळत नाही.

इथं 'सोशल वर्कर' ही पदवी कायद्याने राखीव आहे. नोंदणी नसेल तर लावता येत नाही. चूक झाली तर नोंदणी मंडळापुढं सुनावणी होते, वकील देता येतो, निकाल जाहीर होतो. कधी ताकीद, कधी अटी, कधी नाव काढून टाकतात.

खडेबाजार (बुधवार, संध्याकाळी ६.४०)

आमच्याकडं 'समाजसेवक' व्हायला फ्लेक्स छापायला लागतोय, बाकी काय नको. राणी चन्नम्मा सर्कलला बघा, दर खांबावर एक.

काळाकोट_निपाणी (बुधवार, रात्री ८.१०)

खडेबाजार हसण्यावारी बोलले, पण मुद्दा तोच. डॉक्टर, नर्स, वकील, प्रत्येकाची परिषद आहे. बाल संरक्षणातल्या समाजकार्यकर्त्यांसाठी देशात अशी वैधानिक परिषद नाही. दवाखान्यातले आणि मनोरुग्णांबरोबर काम करणारे समाजकार्यकर्ते २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात आले. घरोघर फिरणाऱ्या तुमच्यासारख्या बाहेरच. म्हणून आपल्याकडे दोनच टोकं उरतात. एक तर करार वाढवायचा नाही, नाहीतर थेट फौजदारी.

फौजदारीचंही उदाहरण आहे. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर झालेले लैंगिक अत्याचार. २०१८ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटच्या 'कोशिश' गटाच्या पाहणीतून ते प्रकरण बाहेर आलं. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या साकेत कोर्टाने १९ जणांना दोषी धरलं. त्यात बालकल्याण समितीची माणसं होती, बाल संरक्षण अधिकारी होता, आणि युनिटच्या सहाय्यक संचालक बाई होत्या. बाईंवर अत्याचाराचा आरोप नव्हता. कळवलं नाही, एवढ्यासाठी पॉक्सोच्या कलम २१ खाली त्या दोषी ठरल्या. तेव्हा वरच्यांना हात लागत नाही, असं नाही. लागतो, पण प्रकरण देशभर पेटलं तर.

माजी_सदस्या (बुधवार, रात्री ९.३०)

एका समितीवर तीन वर्षं होते, कुठल्या ते जाऊ द्या. वकीलसाहेब, 'समितीला घाई नव्हती' हे कागदावर सोपं आहे. एका बैठकीला वीसेक मुलं बाहेर बसलेली असायची. रेल्वेत सापडलेला, वीटभट्टीवरचा, हॉटेलात भांडी घासणारा, घरातून पळालेली. पंधरा वर्षांच्या मुलीला चार महिने बालमंदिरात (मुलांच्या सरकारी निवासगृहात) ठेवलं की तिची शाळा गेली, शिवाय गावात 'ती आत होती' हा शिक्का. आईबाप समोर रडत असतात. मी स्वतः अशा मुलींना घरी पाठवलंय. बऱ्याच सुखरूप राहिल्या, आणि त्या केसवर कुणी धागा काढत नाही.

पण मुलीला चुलत्यासकट आत घेणं, हे माझ्याकडूनही झालेलं आहे. वेळ वाचायचा. आज ते आठवून बरं वाटत नाही.

टिळकवाडीकर (बुधवार, रात्री ९.५५)

म्हणजे सगळेच 'झालेलं आहे' म्हणणार आणि घरी जाणार.

माजी_सदस्या (बुधवार, रात्री १०.१०)

नाही. समितीविरुद्ध तक्रार डीसींकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे, करता येते. मुलगी किंवा मुलीशी संबंधित कुणीही करू शकतं, कलम २७ मध्येच आहे. दर तिमाहीला समितीच्या कामाचा आढावाही त्यांनीच घ्यायचा. माझ्या तीन वर्षांत अशी एकही तक्रार आली नव्हती. लोकांना हे ठाऊकच नसतं. तुम्हाला होतं का?

खानापूरचे_गुरुजी (गुरुवार, सकाळी ७.२०)

रात्री वाचलं, झोप लागली नाही. मी मराठी शाळेचा हेडमास्तर. ती मुलगी माझ्या शाळेची नव्हे, पण माझ्याकडेही एक होती. दहा दिवस गैरहजर. मी हजेरीपटावर रोज लाल शाईने 'गै' लिहीत होतो, ठळक आणि न चुकता. बापाला फोन केला, "आजोळी गेलीया गुरुजी." मी बरं म्हटलं. आजोळ कुठलं, तेही विचारलं नाही. ती परत आली नाही. पुढच्या जूनमध्ये टीसी न्यायला तिचा दीर आला. दीर! तेव्हा कळलं.

माळावरची ताई शाळेत गेल्या नाहीत हे चूकच. पण त्या शाळेतल्या कुणीतरी एक फोन का केला नाही? मला तर कुणी नोटीस दिली नाही. परवा जिल्ह्याच्या बैठकीत माझा सत्कार झाला, शंभर टक्के पटनोंदणीबद्दल.

रानमेवा (गुरुवार, सकाळी ९.००)

गुरुजी, लाल शाईचा 'गै' डोक्यातून जात नाहीये.

लेस्टरवासी (गुरुवार, दुपारी २.१५)

बायकोला धागा वाचून दाखवला. तिचं म्हणणं, इथं तिला पहिलाच प्रश्न असता : मुलाला एकटं भेटलीस का, आणि ते काय बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहिलंस का? 'समाधानी' वगैरे विशेषणं लिहिली की सुपरवायझर लाल पेनाने गोल करून परत पाठवतो. मग तिने विचारलं की ताईंच्या अहवालावर वरची सही कुणाची होती, आणि त्या माणसाने त्यांना काय विचारलं?

माळावरची (गुरुवार, रात्री १०.२०)

वहिनींना सांगा, वरची सही झाली. अहवाल दिला त्याच दिवशी, सतरा फायलींबरोबर. मी टेबलाच्या या बाजूला उभी राहून पानं उलटत होते, सही कुठं करायची तिथं बोट ठेवत होते. कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोलले असते का, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते.

टिळकवाडीकर, तुमचं 'खोटी एंट्री' मनाला लागलं. बरोबर आहे ते. वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे खुलाशात तसंच लिहिणार आहे. शाळेत गेले नाही, मुलीशी एकटीशी बोलले नाही, परत येते म्हणून गेले नाही. त्याखाली चुलत्याचं, दुभाष्याचं, सतरा फायलींचं आणि पलीकडच्या ग्रामसेवकांना न केलेल्या फोनचंही लिहिणार आहे. ओळीला ओळ.

अजून एक. गेल्या रविवारी मी तिला भेटले. आईकडेच आहे, बाळ चार महिन्यांचं. दहावीला बाहेरून बसायचं म्हणते. आजी वारली. आम्ही परसात बसलो, दोघीच. ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही काय लिहून घेतला हुता, वाचून दाखवा की." माझ्या मोबाईलमध्ये अहवालाचा फोटो होता. कानडी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. 'समाधानी'पाशी आले तेव्हा तिने बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं आणि विचारलं, "हे कोण सांगितलं तुमाला?"

काळाकोट_निपाणी (गुरुवार, रात्री १०.५०)

ताई, ही शेवटची गोष्ट खुलाशात लिहू नका, आणि तो फोटो आता कुणाला दाखवू नका. कलम ९९ प्रमाणे अहवाल गोपनीय. त्यातला सारांश मुलीला सांगायचा अधिकार समितीला आहे, तुम्हाला नाही. तिला हवा असेल तर तिने स्वतः समितीकडे अर्ज करावा. चुलत्याबद्दलची तक्रारही तिनेच डीसींकडे करावी, तिचं वजन तुमच्या खुलाशापेक्षा जास्त पडेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, फी वगैरे विचारू नका.

माळावरची (गुरुवार, रात्री १०.५८)

व्यनि मिळाला. तिला कानडी लिहिता येत नाही. अर्ज मराठीत चालेल?

काळाकोट_निपाणी (गुरुवार, रात्री ११.०२)

तिच्याच हाताने, मराठीतच. घ्यायला नकार दिला तर तो नकार लेखी मागायचा. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या, तारखेसकट.